नोंद ९ : मालक उघडला, पण आठ बाइटनी रडवलं

माझ्याच आठवीतल्या बिलाच्या प्रोग्राममधला मालक मेनू काल रात्री पावणेदोनला पासवर्डशिवाय उघडला. चार संध्याकाळी, अर्धी वही आणि घरात एक भांडण (पंख्यावरून, सोडा ते) एवढा खर्च आला. आधीच सांगतो, ही नोंद जवळजवळ सगळी एकाच सेगफॉल्टवर (मेमरीच्या गडबडीने प्रोग्राम मरतो, त्यावर) आहे. मूव्हॅप्सने (प्रोसेसरची एक सूचना, खाली येतेच) ज्यांना आधीच छळलंय त्यांनी हसून घ्या, बाकीच्यांनी चहा टाका.

मागच्या वेळी म्हटलं होतं, बँडिट (हॅकिंगच्या सरावाचा ऑनलाइन खेळ) झालं, आता दुसऱ्यांनी मुद्दाम भोकं पाडून ठेवलेले प्रोग्राम पुरे, स्वतःचं काहीतरी फोडू. स्वतःचं म्हणजे आठवीतलं. शाळेत लोगोचं कासव फिरवून झालं, स्क्रॅचचं मांजर नाचवून झालं, मग उन्हाळ्याच्या सुट्टीत क्लासला टर्बो सी शिकलो आणि चाटी गल्लीतल्या मामाच्या दुकानासाठी चादरींचं बिल काढणारा प्रोग्राम लिहिला. निळी स्क्रीन, व्हॉइड मेन, सगळं साग्रसंगीत. गिऱ्हाईक() हे फंक्शन नाव विचारायचं. मालक() दिवसाचा गल्ला दाखवायचं, पण पासवर्ड बरोबर असेल तरच. पासवर्ड १२३४. हसू नका.

मामाने तो दोन महिने वापरला. तक्रार एकच. "मोठं नाव टाकलं की तुझं मशीन बसतंय बे!" आता सोलापुरात मोठ्या नावांची काय कमी? व्यंकटेश्वरलूपासून सुरुवात, मग वडिलांचं नाव, मग आडनाव, वर मामा शेपटाला "अक्कलकोटवाले" जोडणार. मी जागा ठेवली होती ३२ अक्षरांची आणि नाव घेत होतो सीच्या गेट्स या फंक्शनने. त्यावर आठवीतल्या इंजिनिअरने केलेली दुरुस्ती म्हणजे मॉनिटरवर चिकटवलेली चिठ्ठी : 'नाव छोटे टाकावे'. म्हणजे बफर ओव्हरफ्लो (ठेवलेल्या जागेबाहेर लिहिलं जाणं) मामाने मला सहा वर्षांपूर्वीच दाखवला होता आणि मी त्याला सेलोटेपने पॅच मारला.

(गेट्सला किती अक्षरं घ्यायची हे सांगायची सोयच नाही, एन्टर येईपर्यंत ते लिहीत सुटतं. १९८८ चा मॉरिस वर्म फिंगर सर्व्हरमधल्या याच गेट्समधूनही शिरला होता, आणि २०११ च्या सी मानकातून ते काढूनच टाकलं. आमच्या क्लासला हे कुणी कळवलं नव्हतं.)

मांडणी अशी. व्हर्च्युअल मशीनमध्ये उबुंटू २२.०४, ६४ बिट. कोनिओ (टर्बो सीची स्क्रीनची हेडर फाइल) काढलं, क्लिअरस्क्रीनच्या जागी सिस्टिम("क्लिअर") घातलं. ही ओळ लक्षात ठेवा. कॅनरी (ओव्हरफ्लो पकडणारा पहारा) आणि पीआयई (दर वेळी पत्ते बदलणं) बंद, एनएक्स (स्टॅकवरचा कोड चालू न देणं) चालू. फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता स्टॅकवर बफरच्या पुढेच असतो, तो पुसून तिथे मालक() चा पत्ता लिहायचा, एवढाच बेत. सायक्लिक पॅटर्नने (कुठलाही तुकडा पुन्हा न येणाऱ्या अक्षरांच्या रांगेने) ऑफसेट, म्हणजे त्या परतीच्या पत्त्यापर्यंतचं अंतर, दिला ४० : बफरचे ३२, जुन्या आरबीपीचे (फंक्शनची चौकट धरणाऱ्या रजिस्टरचे) ८. मालक() चा पत्ता ४०११डी६. चाळीस वेळा ए, मग पत्ता, मग एन्टर. दहा मिनिटांचं काम, असं वाटलं.

पहिला फटका पायथनचा. साध्या प्रिंटने बाइट पाठवले की डी६ चे यूटीएफ-८ मध्ये दोन बाइट होतात, सी३ आणि ९६, म्हणजे पत्त्याची वाट लागते. हे हेक्स डंपमध्ये दिसलं आणि वीस मिनिटांत मिटलं. पीडब्ल्यूएनटूल्स (अशाच कामाची पायथन लायब्ररी) आधीच वापरायला हवं होतं, पण 'हाताने करू' ही खुमखुमी.

मग स्क्रीनवर "नमस्कार मालक!" आलं. मी खुर्चीतून उठलोच. खालच्या ओळीत सेगफॉल्ट.

म्हणजे उडी बरोबर बसली होती. मालक() ची पहिली ओळ चाललीसुद्धा. तरी मी मूर्खासारखा दोन संध्याकाळी ऑफसेटच तपासत बसलो, ३९, ४१, ४८. मग संशय आला की पत्त्यात ०ए (एन्टरचा बाइट) असेल, कारण गेट्स तिथेच थांबतं. नव्हता. मग संशय जुन्या आरबीपीवर, कारण त्याच्या जागी मी एएएए भरला होता. पण मालक() स्वतःची चौकट स्वतः मांडतं, त्याला त्या कचऱ्याशी काय घेणं? तिसऱ्या रात्री चिडून सिस्टिमची ती ओळ काढली, तर गल्ल्याचा मेनू दिसला! ओळ परत घातली की मेला. पण १२३४ टाकून रीतसर गेलं, तर तीच ओळ मुकाट चालते. दारातून गेलं की स्वागत, खिडकीतून गेलं की तंगडी मोडते.

शेवटी जीडीबी (चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) लावला, पीडब्ल्यूएनडीबीजी या जोडणीसकट. (हे जोडणं ज्याने बनवलं त्याला माझ्याकडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी. रजिस्टर, स्टॅक, पुढची सूचना, सगळं एका नजरेत.) प्रोग्राम माझ्या कोडमध्ये मरतच नव्हता. तो मरत होता लिब-सीच्या (सीच्या मानक लायब्ररीच्या) आत, डू_सिस्टिममध्ये, मूव्हॅप्स या सूचनेवर. ती एका दमात १६ बाइट हलवते, आणि पत्ता १६ च्या पटीत नसेल तर सरळ फॉल्ट. आरएसपीचा (स्टॅकचं टोक दाखवणाऱ्या रजिस्टरचा) शेवटचा अंक तिथे ० हवा होता. होता ८.

आता उजेड पडला. नियम असा की कॉल करताना आरएसपी १६ च्या पटीत असतो. कॉल स्वतः परतीचा पत्ता ढकलतो, ८ बाइट. मग फंक्शन जुना आरबीपी ढकलतं, आणखी ८, की हिशेब जुळला. मी मात्र कॉलने आलोच नव्हतो, रेटने (फंक्शनमधून परतायच्या सूचनेने) आलो होतो. ते पहिले ८ कुणी ढकललेच नाहीत, आणि तिथून पुढे सगळं घर आठ बाइट तिरकं.

उपाय इतका साधा की राग येतो. मालक() च्या पत्त्याआधी एका नुसत्या रेट सूचनेचा पत्ता ठेवायचा. ती काही करत नाही, फक्त ८ बाइट खाते. रॉपगॅजेट या साधनाने तो पत्ता काढला, चाळीस ए, रेट, मालक. "आजचा गल्ला : ० रुपये". एवढं सुंदर शून्य मी आजवर पाहिलं नव्हतं.

आमच्या शेजारचे काका जॅकार्ड मागाचे नक्षीचे पुठ्ठे टोचतात. एक रिकामा पुठ्ठा मध्ये घातला की नक्षी सरकते, तसंच हे, असं त्यांच्याकडून सुचलं म्हणून लिहिलं असतं तर गोष्ट झकास झाली असती. पण सुचलं जीडीबीमुळे. काकांना आज सकाळी सांगितलं तर ते म्हणाले, "मग यात नवीन काय?"

आज दुसरी युक्तीही चालवून पाहिली : रेट न घालता मालक() च्या सुरुवातीपासून ५ बाइट पुढे उडी. एंडबीआर६४ या पहिल्या सूचनेचे ४ आणि आरबीपी ढकलण्याचा १ बाइट ओलांडला की हिशेब आपोआप जुळतो. चालतं. तरी मला रेटच आवडला, वाचताना कळतं तरी.

बाकी किरकोळ. प्रोग्राम उलगडून दाखवणारा घिड्रा एवढ्याशा कामाला नको, माझ्या ८ जीबीवर तो उघडेपर्यंत साधा ऑब्जडम्प सगळं सांगून मोकळा होतो. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी दुकानातच खालचं झाकण उघडून बघा, मला एसएसडी सांगून हार्डडिस्क गळ्यात मारली. आणि चुलतभाऊ पुन्हा विचारतोय, कुणाचं तरी एक इन्स्टा खातं फोडून देशील का. त्याला आयटी कायद्याचं कलम ६६ दाखवलं : तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता तो माझ्याशी बोलत नाही.

पुढे रेट-टू-लिबसी (थेट लिब-सीतल्या फंक्शनवर उडी) करणार होतो. पण वरची चिठ्ठी लिहिताना डोक्यात आलं, मूळ ईएक्सईच का नको? टर्बो सीचं स्मॉल मॉडेल, १६ बिट, परतीचा पत्ता दोनच बाइटचा, म्हणजे ऑफसेट ३४ असावा. ना कॅनरी, ना एनएक्स, ना मूव्हॅप्स. लिहिणं अर्धं टाकून मामाकडे गेलो. जुना सीपीयू माळ्यावर निघाला, मॉनिटरवर चिठ्ठी तशीच, सेलोटेप पिवळा पडलेला. "काय बे, आता दुरुस्त करणार व्हय?" मामा म्हणाला.

ईएक्सई पेन ड्राइव्हवर घेऊन घरी आलो, डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालू केली आणि व्यंकटेश्वरलूपासून अक्कलकोटवाल्यांपर्यंत पूर्ण नाव टाकलं. एन्टर. निळी स्क्रीन, कर्सर थिजलेला, कुठलंच बटण चालेना. मामाचं मशीन बसलं.