कमळगडाला वासोळ्याचीच वाट का धरली

सांगलीहून बावीस जणांचा गट वाईजवळच्या कमळगड किल्ल्यावर येणार होता, त्यांना नेणारा वाटाड्या मी. दसरा-दिवाळीच्या मधला रविवार, वयं चोवीसपासून बासष्टपर्यंत. आयोजकांच्या मोबाईलमध्ये कुणीतरी टाकलेला जीपीएस ट्रॅक होता: नांदगण्याच्या बाजूने कमळगड चढायचा आणि वासोळ्यात उतरायचं. एका दिवसात कृष्णेचं खोरंही होतं आणि वाळकीचंही, त्यामुळे आखणी दिसायला देखणी होती. मी मात्र चढ आणि उतार दोन्ही वासोळ्याकडूनच ठेवले. त्यावरून कुरबूर झाली. पण माझ्या डोक्यात घोळतंय ते त्या कुरबुरीच्या पुढचं, माथ्याखालच्या पठारावर झालेलं.

आधी ट्रॅकचं सांगतो. तो खोटा नव्हता, टाकणारा माणूस त्यावरून खरोखर चालला होता. पण जानेवारीत. जानेवारीपर्यंत गवत कापून झालेलं असतं, माती वाळलेली असते, वाटेवर उन्हाळ्यापर्यंतची वर्दळ सुरू झालेली असते. ऑक्टोबरात तीच वाट छातीएवढ्या गवताखाली असते आणि ढोरवाटाच जास्त मळलेल्या दिसतात. गुरं चाऱ्याच्या मागे डोंगराला आडवी फिरतात, माथ्याकडे जात नाहीत. म्हणून ठळक वाट बराच वेळ एकाच उंचीवर चालली, की ती गुरांची समजावी आणि मागे फिरावं. ट्रॅक टाकणाऱ्यांनी निदान महिना तरी लिहावा. तेवढंही कुणी लिहीत नाही, याची मला फार चीड येते.

दुसरं म्हणजे तो ट्रॅक एका टप्प्यात सरळ घळीतून जात होता. अंतर कमी दिसतं ते त्यामुळेच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर दोन समोच्च रेषांत (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांत) उंचीचं २० मीटरचं अंतर असतं आणि एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. त्या एका सेंटिमीटरमध्ये पाच रेषा आल्या तर चढ आरामाचा. दहा आल्या तर दम लागतो. पंधरा आल्या तर हात टेकावे लागतात, आणि गटाला उतरताना तिथेच अडकायला होतं. रेषांचं टोक चढाकडे वळलेलं असेल तर ती घळ, उताराकडे वळलेलं असेल तर सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरणारी धार. अनोळखी डोंगरावर सोंड धरावी. घळीत घसारा, म्हणजे सुटे दगड-माती, साचतो, वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या अंगावर येतो, आणि पंधरा मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये नकाशावर न दिसता लपून बसतो.

तिसरं कारण गाडी. एकीकडून चढून दुसरीकडे उतरायचं तर गाडी वळसा घालून दुसऱ्या खोऱ्यात आणावी लागते. मग कुणाचा पाय मुरगळला तर परतीची ओळखीची वाट सोडून, कुणीच न पाहिलेल्या वाटेने त्याला उतरवायचं. आदल्या आठवड्यात वासोळ्यातल्या एका मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आपली वाट चालू हाय. त्या अंगाचं मला काय ठावं न्हाय, गुरंबी तिकडं जात न्हाईत." माझ्यापुरता तिथेच निकाल लागला.

वेळेचा हिशोब असा. स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथचा १८९२ मधला नियम सांगतो की पाच किलोमीटरला एक तास आणि शिवाय ६०० मीटर चढाला एक तास. वासोळ्यातून चढ साधारण ६०० मीटरचा. अंतर चार किलोमीटर धरलं तर पावणेदोन तास होतात. पण नियम थंड हवेतल्या एकट्या सडसडीत माणसाचा आहे. ऑक्टोबरच्या उन्हात मिश्र गटाला मी त्याची दीडपट धरतो, वर थांबे. उताराला चढाइतकाच वेळ, एक मिनिटही कमी नाही. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, झाडीत त्याआधी अर्धा तास अंधारतं, आणि परतीच्या पावसाचा गडगडाट झालाच तर तो दुपारनंतर. म्हणून एक वाजता, असू तिथून मागे. हे गावातच सगळ्यांना सांगितलं होतं. माणशी तीन लिटर पाणी, तेही गावातच भरलं. अत्तर आणि विडी-सिगारेट बंद, कारण आग्या मोहोळ.

बारा वाजून दहा मिनिटांनी पठारावर पोहोचलो. पुढे झाडी आणि माथ्याखालचा अरुंद, खडा टप्पा. मी नऊ जणांना पठारावरच थांबवलं. आठ जणांनी सुटकेचा श्वास सोडला. नववे एक निवृत्त शिक्षक, बासष्टचे, चढताना गटातल्या निम्म्या पोरांच्या पुढे होते.

"तुम्ही माझं वय बघितलंत," ते म्हणाले.

"सर, वय नाही. तुमचं उतरणं बघितलं."

आणि खरंच तेवढंच बघितलं होतं. वाटेत ओढ्यापाशी पुरुषभर उताराचा तुकडा आहे. तिथे मी मुद्दाम खाली उभा राहतो. चढताना सगळ्यांचा दम दिसतो, गुडघे दिसत नाहीत. ते दिसतात अशा तुकड्यावर. सरांनी डावा पाय आडवा टाकला, उजव्यावर भार घेतलाच नाही आणि झाडाची फांदी धरली. असा माणूस सकाळी छान उतरतो. ६०० मीटर उतारात मांड्या थकल्या की शेवटच्या टप्प्यात त्याचा गुडघा दगा देतो. माथ्याखालचा खडा टप्पा त्यात भर घालणार होता.

बाकीचे तेरा जण वर गेले. गेरूच्या विहिरीच्या पायऱ्या उतरून लाल भिंती पाहून आले, ठरल्या वेळी फिरले. चारच्या आत सगळे वासोळ्यात. सर काठी आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन सावकाश, पण स्वतःच्या पायांनी उतरले.

गाडीत बसताना त्यांनी एकच प्रश्न विचारला. "माझ्यासोबत एक माणूस वेगळा दिला असतात तर?"

आम्ही वाटाडे तिघे होतो. एक पठारावर थांबलेल्यांबरोबर, एक पुढे, एक मागे. सरांना मागचा माणूस दिला असता तर खड्या टप्प्यावर तेराजणांना एकच माणूस उरला असता. चौथा असता तर मात्र गणित जमतं: सरांना जाऊन-येऊन पाऊण तास जास्त, गावात पावणेपाच, उजेड शिल्लक. पण चौथ्या माणसाचे पैसे आयोजकांनी ठरवतानाच कापले होते. बावीस जणांमागे चार माणसं हा मी मागितलेला आकडा होता. "एवढे कशाला, सोपा तर किल्ला आहे," हे मला फोनवर मिळालेलं उत्तर. सरांना हे मी सांगितलं नाही. गाडीत त्यांच्या शेजारीच आयोजक बसले होते. आता डिसेंबरात हाच गट पुन्हा यायचं म्हणतोय. चार माणसांशिवाय घेणार नाही असं कळवलंय, आणि सरांना यायचं आहे का, तेही विचारलंय.