पोर्टचा अभ्यास, पुढचा टप्पा: किंता दो नोवाल

मागे म्हटलं होतं की पोर्टचं, म्हणजे पोर्तुगालच्या स्पिरिट घातलेल्या गोड वाईनचं, आता एकेक हाउस (ती बनवणारी कंपनी) धरून नीट वाचायचं आणि सोबत चाखायचं, तर सुरुवात नोवालपासून केलीय. कारण सरळ आहे, बरीचशी मोठी नावं मुळात शिपर, म्हणजे वाईन निर्यात करणाऱ्या लोकांची, ठिकठिकाणचा माल घेऊन पोर्तो शहरासमोरच्या गायाच्या गोदामांत ब्लेंड करणारी, आणि नोवाल म्हणजे आधी द्राक्षबाग, मग ब्रँड. दोरो नदीच्या खोऱ्यात पिन्यांव गावाच्या वर, शिस्ट खडकाच्या उतारावर, रुंद पायऱ्यांची आणि चुना फासलेल्या बांधांची ती बाग. 1715 च्या कागदपत्रांत तिचं नाव सापडतं.

पण खरी गोष्ट सुरू होते फिलॉक्सेरापासून. मुळं खाणाऱ्या या किडीने दोरोतल्या बागाच्या बागा संपवल्या आणि 1894 मध्ये अंतोनियो जोसे दा सिल्वा यांनी नोवाल विकत घेऊन नव्याने लागवड केली. उपाय तोच जो सगळ्या युरोपने केला, अमेरिकन खुंटावर, म्हणजे ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलाच्या मुळांवर, कलम. (आपल्या नाशिक-सांगलीवाल्यांना खुंट म्हणजे काय हे सांगायला नको, तिकडे डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतात, कारणं वेगळी.) आणि तरीही नोवालने दोन-अडीच हेक्टरचा एक तुकडा बिनकलमी ठेवलाय, थेट स्वतःच्या मुळांवर, तोच नासिओनाल! उत्पादन अगदी थोडं, आणि दरवर्षी वाईन काढतातच असंही नाही. 1931 ला बाकी बहुतेकांनी विंटेज (खास चांगल्या एकाच वर्षाची पोर्ट) जाहीरच केलं नाही, 1927 चा माल पडून आणि वर जागतिक मंदी, पण नोवालने केलं आणि त्यांचं नाव त्या वर्षाने मोठं झालं. माझ्या मते हे धाडस एकाच बागेवर भिस्त असलेल्यालाच जमतं, आपली द्राक्षं कशी आलीत हे रोज डोळ्यांसमोर असतं ना.

1981 ला गायातल्या गोदामाला आग लागून मोठा साठा आणि जुनी दफ्तरं गेली, तेव्हापासून कारभार खोऱ्यातच हलवत गेले. 1986 ला कायदा बदलून दोरोतून, गायाला न जाता, थेट निर्यातीची मुभा मिळाली, 1993 ला आक्सा या फ्रेंच विमा कंपनीने हाउस घेतलं.

आता स्टाइल. विंटेजसाठी अजूनही ग्रॅनाइटच्या उथळ हौदात, म्हणजे लगारमध्ये, पायाने तुडवणं. हा काही पर्यटकांसाठीचा देखावा नाही. फर्मेंटेशन दोन-तीन दिवसांतच 77 टक्क्यांचं द्राक्ष स्पिरिट घालून थांबवतात म्हणून गोडवा उरतो, पण त्यामुळे सालीतला रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) काढायला वेळच मिळत नाही, आणि पाय ते काम लवकर करतात, शिवाय बिया फुटत नाहीत, कडूपणा येत नाही.

चाखायला घेतली अनफिल्टर्ड एलबीव्ही (लेट बॉटल्ड विंटेज, एकाच वर्षाची, उशिरा बाटलीत भरलेली, इथे न गाळता) आणि दहा वर्षांची टॉनी, शेजारी-शेजारी. एलबीव्हीची बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवली, मग टॉर्च बाटलीच्या मानेमागे धरून सावकाश ओतली, शेवटी काळपट गाळाची रेघ मानेपर्यंत आली तिथेच हात थांबवला. रंग जांभळाकडे झुकणारा गडद, काळी चेरी, मिरीचा झणका, आणि गोड असूनही शेवट कोरडा, टॅनिन हिरड्यांवर जाणवतं. टॉनी वेगळ्याच दिशेची, विटकरी रंग, अक्रोड, सुकं अंजीर, संत्र्याची साल, कारण ती लाकडी पिपांत हवेशी खेळत मुरलेली. गोव्यात पोर्ट वाईन म्हणून मिळणारी गोड वाईन ज्यांनी प्यायलीय त्यांनी ती चव डोक्यातून काढूनच हे घ्यावं, दोन्हींचा काही संबंध नाही.

माझा कौल एलबीव्हीला. उघडल्यावर दुसऱ्या दिवशी ती जास्त मोकळी झाली होती, तेव्हा घाई करू नका. पुढे नोवालचीच कोल्हेता घ्यायचा विचार आहे, एकाच वर्षाची, निदान सात वर्षं लाकडात राहिलेली टॉनी. कोणी चाखली असेल तर कुठलं वर्ष आणि किती थंड करून प्यायलात ते सांगा.