१८ मैलांचा पूल आणि काडीएवढी फट

फ्लोरिडातल्या फोर्ट पिकन्सचे चार दिवस फार सुंदर गेले. साखरेसारखी पांढरी वाळू, हिरवं पाणी, आणि १८८६ ते १८८८ या काळात अपाची नेता जेरोनिमोला जिथे कैदेत ठेवलं होतं तो विटांचा किल्ला. त्याबद्दल एवढंच. मला लिहायचंय ते तिकडे जाताना मानेला बसलेल्या गचक्यांबद्दल, आणि लुईझियानातल्या ब्रो ब्रिज या गावी एका संध्याकाळी ते नेमके कुठून येतात हे कळलं त्याबद्दल.

आमचा राहायचा ट्रेलर म्हणजे ३० फुटी फिफ्थ व्हील. बंपरखालच्या गोळ्याला अडकवून ओढतात तो ट्रेलर वेगळा. फिफ्थ व्हीलचं नाक पिकअपच्या हौद्यावर चढलेलं असतं. नाकाखाली २ इंच जाडीची पोलादी किंगपिन असते आणि हौद्यात बसवलेल्या हिचचा, म्हणजे जोडणीच्या सांगाड्याचा, जबडा ती धरून ठेवतो. ट्रेलरचं बरंच वजन थेट पिकअपच्या मागच्या आसावर येतं, म्हणून गाडी रस्त्यावर नागमोडी जात नाही. याच कारणासाठी आम्ही तो घेतला.

पण गचके! सिग्नलवरून निघताना पाठीत एक बुक्की, ब्रेक दाबला की मागून ढकलल्यासारखं. आणि काँक्रीटच्या रस्त्यावर प्रत्येक सांध्याला मान पुढे, मान मागे. माझं मानेचं दुखणं जुनं आहे. ह्यूस्टन सोडून तीन तास झाले तेव्हा मी उशी गळ्याभोवती गुंडाळून बसले होते आणि मागच्या सीटवरून लेक सारखी विचारत होती, "आई, अजून किती?" लेक चार्ल्स या शहरातला तो १९५२ सालचा उंच पूल, ज्याच्या कठड्यावर एकमेकांवर ठेवलेल्या पिस्तुलांची नक्षी आहे, तो मला खरं तर डोळे भरून बघायचा होता. चढताना पाठीत धक्के, उतरताना ट्रेलर पिकअपला रेटतोय. मी फक्त तो संपायची वाट बघितली.

हिच बसवून देणाऱ्या दुकानात आम्ही हे दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच, "फिफ्थ व्हील म्हटलं की एवढं होणारच." दुसऱ्या वेळी हवेच्या उशीचा पिन बॉक्स (ट्रेलरच्या नाकाखालचा, किंगपिन धरणारा भाग) घ्या म्हणाले, हजार डॉलरच्या वर. हवेची उशी वाईट नाही, ती धक्का मऊ करते. पण धक्का येतो कुठून हे बघायला त्या दुकानातलं कुणी पाच मिनिटं वाकलं नाही, याचा मला अजून राग आहे. पैसे घेऊन काम करणाऱ्या माणसानं "असंच असतं" म्हणू नये.

ब्रो ब्रिजला मुक्काम केला कारण पुढे अचाफलाया खोऱ्यावरचा पूल होता. १८ मैल, खाली पाणी आणि सायप्रसची झाडं, आणि मध्ये उतरायला जागा फक्त दोन. त्या पुलाचे सांधे प्रसिद्ध आहेत. दुखावलेल्या मानेनं मी १८ मैल काढणार नव्हते. परत फिरू या, असं मी नवऱ्याला म्हटलंही होतं.

कॅम्पच्या जागेवर ट्रेलर मागे घेताना शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा खुर्चीवरून उठून आले. नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हणाले, "तुमच्या हिचमध्ये खूप प्ले आहे, ढिली आहे. मला माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू आलं." ट्रेलर सोडवू नका, तसाच राहू दे, म्हणाले. ते घरात गेले आणि बॅटरी घेऊन आले.

त्यानंतरची चाळीस मिनिटं मला मिनिटामिनिटानं आठवतात.

ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले. नवरा स्टिअरिंगवर. ट्रेलरचे ब्रेक पिकअपमधल्या छोट्या दांडीनं हातानं दाबून धरायचे आणि पिकअप अगदी हळू, दोन-चार इंच पुढे, दोन-चार इंच मागे. आजोबांनी मला हौद्याच्या बाजूला उभं केलं. हात आत घालायचा नाही आणि पिकअप-ट्रेलरच्या मध्ये कुणी यायचं नाही, असं दोनदा बजावलं. लेकीला त्यांच्या बायकोकडे बसवलं.

"आता बघू नका, आधी ऐका."

पिकअप पुढे सरकली. टक. मग खट. मग एक लांब, कुरकुरणारा आवाज. मागे सरकली, पुन्हा तेच तीन. इतके महिने मला एकच धक्का वाटत होता, तो तीन धक्क्यांचा मिळून होता.

मग बॅटरी लावून एकेक दाखवला. पहिला टक जबड्याचा. पिन आणि जबडा यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ दिसली, काडेपेटीतल्या काडीएवढी जाड. पिकअप मागे आली की रेघ या बाजूला, पुढे गेली की त्या बाजूला. दुसरा खट हिचच्या पायांचा. आमची हिच हौद्यातल्या रुळांना खिळ्यांनी अडकवलेली, आणि सगळी हिचच रुळात सरकत होती. रुळाचा एक बोल्ट तर पान्याला जवळजवळ अर्धा फेरा फिरला. तिसरी कुरकुर ट्रेलरच्या पोटातली. चाकं जागेवर आणि वरचं सगळं घर स्प्रिंगच्या पाट्यांवर पुढे-मागे झुलत होतं. पाटे जोडणाऱ्या शॅकलमधले, म्हणजे झुलत्या पट्ट्यांमधले, प्लास्टिकचे बुश झिजून गेले होते.

काडीएवढ्या फटीनं एवढं काय होतंय, असं मला वाटत होतं. ते बहुधा माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. आजोबा म्हणाले, साडेचार टनांचं घर त्या काडीएवढ्या वाटेत धावतं आणि मग थांबतं. दर सांध्याला. ते आयुष्यभर त्या भागात उसाच्या गाड्या ओढत होते.

उसाच्या! बायू टेश या नदीच्या काठानं ऊस पिकतो हे मी खिडकीतून बघितलं होतं, पण डोक्यात काही जुळलं नव्हतं. मी कोल्हापूरकडची. आमच्या बाबांच्या ट्रॅक्टरला सीझनमध्ये डबल ट्रॉली. क्लच सोडला की पहिली ट्रॉली हिसका खायची, आणि मग एका श्वासानं दुसरी. मोळ्यांवर बसलेले आम्ही पोरं तो दुसरा हिसका यायच्या आत दोर घट्ट धरायचो. बाबा दर सकाळी ट्रॉलीची पिन हातानं हलवून बघायचे आणि झिजली असेल तर म्हणायचे, "पिन खाल्लीया, हिला आज जुंपायची न्हाई." हे मी आजोबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, तुमच्याकडे तोडणी कधी सुरू होते? ऑक्टोबर-नोव्हेंबर, मी म्हटलं. "आमच्याकडेही," ते म्हणाले.

आम्ही निघण्याआधी ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन करून घेतलं होतं. आजोबांनी त्या चिठ्ठ्या मागितल्या. पिकअप एकटी किती आणि ट्रेलर जोडल्यावर तिच्याच दोन आसांवर किती, यातला फरक म्हणजे पिनवरचं वजन. आमचं आलं १,३८० पौंड. अख्खा ट्रेलर ९,६०० पौंडांचा, म्हणजे जेमतेम १४ टक्के. फिफ्थ व्हीलला साधारण २० टक्क्यांच्या आसपास हवं. हलकी पिन जबड्यात नाचते. आणि आम्ही काय केलं होतं, तर मागच्या बंपरवर दोन इलेक्ट्रिक सायकली टांगल्या होत्या, मागच्या कपाटात तांदळाची पोती, लोखंडी तवे, पाण्याचे कॅन. ट्रेलरच्या आसांच्या मागे वजन म्हणजे पुढचं नाक उचलायला हातभार.

रात्री दहापर्यंत आम्ही सामान हलवत होतो. सायकली पिकअपमध्ये, जड सगळं पुढच्या कप्प्यात. आजोबांनी रुळांचे बोल्ट आवळले आणि हिचच्या पायांच्या खाचांत पातळ पोलादी पट्ट्या बसवल्या. ट्रेलरचे ब्रेक कमी लागत होते, तेही ठीक केलं. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २५ मैलांनी जाऊन हातानं दांडी दाबायची, चाकं लॉक व्हायला येतील इतकं वाढवायचं आणि तिथून थोडं कमी करायचं. ब्रेक कमी असले की थांबताना ट्रेलर पिकअपवर येतो, मला मागून ढकलल्यासारखं वाटायचं ते हेच.

जबड्याचं मात्र तिथे काही करता येण्यासारखं नव्हतं. तो झिजलाय, नवा घाला, म्हणाले. पिनभोवती घट्ट मिटणारा, दोन्ही बाजूंनी धरणारा जबडा घ्या. पिन बॉक्सचे हजार डॉलर आधी तिथे घाला.

पैसे घेतले नाहीत. मी सकाळी भाजणीची थालीपीठं आणि लोणी नेऊन दिलं. आदल्या रात्री त्यांच्या बायकोनं आम्हाला मका-बटाट्याबरोबर उकडलेली क्रॉफिश (छोट्या शेवंडासारखी) खाऊ घातली होती. तिखट, बोटं लाल होईपर्यंत. अमेरिकेत इतकी वर्षं राहून अनोळखी माणसाच्या ताटात हात घालून मी पहिल्यांदाच जेवले.

सकाळी पुन्हा काट्यावर गेलो. पिनवर १,८१० पौंड, ट्रेलर ९,४२० वर आलेला. मग पूल.

पहिले दोन मैल मी दाराचा दांडा सोडला नाही. सांधे होतेच, ते रस्त्याचे आहेत आणि राहणार. पण काल प्रत्येक सांध्याला ढब-टक-खट व्हायचं, आता नुसतं ढब, आणि मागोमाग एक हलका टक. ताशी ६० वर थोडं झुलायला लागलं, म्हणून नवऱ्यानं ५५ केलं आणि झुलणं थांबलं. ज्यांना गचक्यांचा त्रास आहे त्यांनी आधी वेग पाच मैलांनी बदलून बघा, त्याला एक पैसा लागत नाही. सहाव्या मैलाच्या सुमारास मी उशी काढली. पाण्यातून वर आलेले सायप्रसचे बुंधे, त्यांवर बसलेले पांढरे बगळे, सगळं दिसत होतं.

ह्यूस्टनला परतल्यावर नवा जबडा बसवला, दुसऱ्या दुकानात. तिथल्या मुलानं स्वतःहून बॅटरी लावून फट मोजली. शॅकलचे बुश अजून बाकी आहेत, प्लास्टिकचे काढून कांस्याचे घालायचेत आणि सोबत ग्रीस भरता येणारे बोल्ट. ते झाल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा ब्रो ब्रिज. तोडणी बघायला या म्हणालेत, आणि बाबाही तेव्हा इथेच असतील.