बाहेरख्याली नायकांच्या प्रेमकथा मी का वाचते

‘दिवसभर कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचे दावे चालवता, आणि घरी जाऊन बाहेरख्याली सरदार सुधारल्याच्या प्रेमकथा वाचता?’ ज्युनियर विचारतात, मैत्रिणी विचारतात, एका अशीलबाईंनीही विचारलं होतं. त्यात काळजी असते: इतकं बघूनही या बाईंना कळत नाही का, असे पुरुष सुधारत नसतात? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

या कादंबऱ्या बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात घडतात. नायक कुणी ड्यूक किंवा मार्क्विस, म्हणजे बडा सरदार. जुगार, दारू, आज ही बाई तर उद्या ती. मग नायिका भेटते आणि तो बदलतो. अशा नायकावरून इंग्लंडात निदान तीनशे वर्षं भांडण चालू आहे. 1696 साली कॉली सिबर यांनी नाटकात असा नवरा पश्चात्ताप करून बायकोकडे परतताना दाखवला. जॉन व्हॅनब्रू यांना ते पटलं नाही. त्याच वर्षी त्यांनी तीच पात्रं घेऊन नवं नाटक लिहिलं, आणि त्यात नवरा लंडनला जातो आणि पुन्हा घसरतो. पुढे ‘क्लॅरिसा’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत सॅम्युअल रिचर्डसन यांनी बजावलं की सुधारलेला रंगेल माणूस सर्वांत चांगला नवरा होतो ही समजूत घातक आहे. म्हणजे ती समजूत तेव्हाही घरोघरी होती.

का होती, हे मला वकील म्हणून कळतं. तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बायकोची कमाई आणि जंगम मालमत्ता नवऱ्याची व्हायची. ते पूर्णपणे बदललं 1882च्या कायद्याने. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा, तर 1857पर्यंत पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून आणावा लागे. 1857 साली न्यायालयाचं दार उघडलं, तेही सारखं नाही. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होतं. बायकोला व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही दाखवावं लागे.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर सांगते. हाच भेदभाव 1869च्या कायद्यातून आपल्याकडच्या ख्रिस्ती बायकांच्या वाट्याला आला. इंग्लंडने तो 1923 साली काढून टाकला. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 1997 साली ती अट घटनाबाह्य ठरवली आणि संसदेने 2001 साली कायदा दुरुस्त केला. नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे, एवढं सिद्ध करून या बायकांना तोवर सुटता येत नव्हतं.

जिला बाहेर पडायला दारच नाही, तिच्यासाठी ‘हा माणूस बदलेल का?’ हा जन्माचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर कुठलंच न्यायालय देत नव्हतं. ते शोधण्याचं काम कादंबरीने अंगावर घेतलं, आणि म्हणून मी तिला हलकी समजत नाही. अॅन ब्रॉन्टे यांनी 1848 साली ‘वाइल्डफेल हॉल’वरच्या कादंबरीत उत्तर दिलं: नाही बदलत. तिथली हेलन नवऱ्याला मी सुधारीन म्हणून लग्न करते, आणि शेवटी मुलाला घेऊन लपूनछपून घर सोडते. लग्नाआधी प्रत्येक मुलीने हे पुस्तक वाचावं असं मला मनापासून वाटतं.

मग बदलणारे नायक कशाला वाचायचे? कारण त्यांतल्या चांगल्या कादंबऱ्या सुधारण्याचं काम बाईच्या गळ्यात घालत नाहीत. आपल्या कथा-नाटकांतल्या सोशीक बायका मला पुरे झाल्या आहेत. ‘एकच प्याला’तली सिंधू शेवटपर्यंत सोसते आणि जीव गमावते. लोक तिच्यासाठी रडतात, पण बदलायची जबाबदारी सुधाकरची होती हे किती जण बोलून दाखवतात?

लॉरेटा चेस यांची 1995 सालची ‘लॉर्ड ऑफ स्काउन्ड्रल्स’ मला सर्वांत जवळची. नायक डेन पैसे देऊन बायका मिळवणारा, प्रेमावर अजिबात विश्वास नसलेला. त्याला एका बाईपासून झालेला मुलगा आहे. त्याच्या खर्चाला हा पैसे देतो, पण त्याचं तोंड बघत नाही. पोटगी वेळेवर, बाप मात्र गायब, असे दावे मी रोज बघते. लग्नानंतर जेसिका, त्याची बायको, त्या पोराचा विषय सोडत नाही. ती रडून-विनवून थांबत नाही, नवऱ्याचं पाप पोटातही घालत नाही. हा मुलगा तुझा आहे आणि तो या घरात यायला हवा, असं तिचं म्हणणं. शेवटी डेनला स्वतः जाऊन त्याला आणावं लागतं. लहानपणी आईने सोडून गेलेला हा माणूस त्या मळक्या, बिथरलेल्या पोरात स्वतःलाच बघतो. बायकोवरचं प्रेम त्याआधीच बसलेलं असतं, पण माझ्या लेखी तो सुधारला तो इथे.

लिसा क्लेपस यांच्या ‘डेव्हिल इन विंटर’मध्ये नायिका एव्ही तीन महिने कुठल्याच बाईकडे न जाण्याची अट घालते. पण मला तीत जास्त भावतं ते नायकाचं कामाला लागणं. आयुष्यभर आयतं खाल्लेला माणूस सासऱ्याचा जुगाराचा क्लब चालवायला घेतो आणि त्यात रमतो. आपल्याशिवाय कुणाचं तरी अडतं, हे त्याला पहिल्यांदा कळतं.

ज्या कादंबरीत नायिका निरागस आहे एवढ्यावरच नायक पाघळतो, ती मी अर्ध्यात ठेवते. आणि एक राग चांगल्या कादंबऱ्यांवरही आहे. नायकाने आधी सोडलेल्या बायकांचं पुढे काय झालं, हे जवळजवळ कुणीच लिहीत नाही. ठेवलेली नटी, नोकरीवरून काढलेली मोलकरीण, या दोन ओळींत येतात आणि जातात. डेनच्या मुलाची आईसुद्धा अखेर अडथळा म्हणूनच बाजूला केली जाते.

असे पुरुष खरंच सुधारतात का, याचं उत्तर मला अशीलबाईंना देता येत नाही, आणि मी देतही नाही. तो काय म्हणतो ते मी विचारत नाही. आधीच्या मुलाला भेटतो का, कर्ज कुणाच्या नावावर काढलंय, घर कुणाच्या नावावर आहे, हे विचारते. डेनला मी याच प्रश्नांवर पास केलं.