काकांची सही आणि शपथेवरचा जबाब

परवा तालुक्याच्या कोर्टात एका खासगी फिर्यादीचं (पोलिसांमार्फत न जाता थेट कोर्टात केलेल्या तक्रारीचं) व्हेरिफिकेशन, म्हणजे फिर्यादीचा शपथेवरचा जबाब, झालं आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलो. फिर्यादी आमच्याच भागातले एक काका, वय सत्तरच्या पुढे, आणि मी त्यांचा वकील. त्यांच्या नावाने खोटी सही करून संमतीपत्र तयार केलं गेलं आणि त्याच्या जोरावर जमिनीचा फेरफार झाला, अशी त्यांची तक्रार. पोलीस ठाण्यात गेले तर ठरलेलं उत्तर, हे दिवाणी स्वरूपाचं आहे, कोर्टात जा. मग एसपी साहेबांना रजिस्टर पोस्टाने अर्ज केला, पोचपावती आली, पुढे काहीच नाही.

अशा वेळी लोकांना वाटतं की दार बंद झालं. तसं नाहीये. कायदा सांगतो की मॅजिस्ट्रेटकडे थेट फिर्याद करता येते, आधी ते सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम २०० होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, २२३. दुसरा रस्ता म्हणजे पोलिसांनाच तपासाचा आदेश द्या अशी मागणी, जुनं १५६(३), आताचं १७५(३), पण त्याला आधी एसपींकडे जाऊन आलेलं असावं लागतं आणि अर्जासोबत अ‍ॅफिडेव्हिट (प्रतिज्ञापत्र) जोडावं लागतं. अ‍ॅफिडेव्हिटचा आग्रह सुप्रीम कोर्टाने २०१५ साली प्रियांका श्रीवास्तवच्या केसमध्ये धरला होता, आता तो कायद्यातच आलाय. माझा साधा हिशोब असा, काही जप्त करायचं असेल किंवा आरोपी कोण हेच माहीत नसेल तर १७५(३), आणि कागद आपल्या हातात किंवा सरकारी दप्तरात असतील तर सरळ फिर्याद. काकांचं संमतीपत्र दप्तरात होतं, म्हणून आम्ही सरळ फिर्याद टाकली.

आता व्हेरिफिकेशन. फिर्यादीला शपथ देऊन मॅजिस्ट्रेट स्वतः विचारतात, स्टेनो टाइप करतो, मग जबाब वाचून दाखवतात, फिर्यादीची सही होते आणि मॅजिस्ट्रेटचीही. बऱ्याच ठिकाणी हे दोन मिनिटांत उरकतं, म्हणजे "फिर्यादीत लिहिलंय ते खरं आहे का?" "हो साहेब." संपलं. मला हे अजिबात पटत नाही. कारण समोरच्याला आरोपी म्हणून बोलवायचं की नाही हे ठरवताना मॅजिस्ट्रेटसमोर मुख्यतः एवढंच असतं, फिर्याद, हा जबाब आणि जोडलेले कागद. सुप्रीम कोर्टाने १९९७ च्या पेप्सी फूड्सच्या निकालात स्पष्ट म्हटलंय की फौजदारी केसमध्ये आरोपीला समन्स काढणं ही गंभीर गोष्ट आहे, मॅजिस्ट्रेटने डोकं लावून तसा आदेश करायला हवा.

तर काका कटघऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी मीच लिहिलेल्या फिर्यादीतली वाक्यं म्हणायला सुरुवात केली, "सदर आरोपींनी आपसात संगनमत करून..." मॅजिस्ट्रेट मॅडमनी त्यांना थांबवलं. म्हणाल्या, "काका, वकिलांचं मी वाचलंय. तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा, ही सही तुमची नाही हे तुम्हाला कशावरून कळलं?" काका जरा गप्प झाले आणि मग म्हणाले, "मॅडम, मी सही करताना वर रेघ ओढत नाही. दुसरीत शाळा सुटली, तेव्हापासून बिनरेघेचीच सही. या कागदावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ आहे."

मॅडमनी संमतीपत्राची नक्कल हातात घेतली, शेजारी वकीलपत्रावरची सही ठेवली, बँक पासबुकावरची पाहिली. वकीलपत्रावर नाही, पासबुकावर नाही, फक्त त्या कागदावर शिरोरेषा. मी सहा पानांची फिर्याद लिहिली होती, काकांशी चार वेळा बोललो होतो, आणि ही गोष्ट त्यात नव्हती कारण मी ती विचारलीच नव्हती.

म्हणून फिर्याद करणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, वकिलाची भाषा पाठ करून जाऊ नका, काय बघितलं ते तारखेसकट, आपल्या बोलीत सांगा. तीच हकीकत पुढे परत सांगायची असते, वॉरंट केस (म्हणजे जास्त गंभीर गुन्ह्याची) असेल तर चार्जच्या, म्हणजे आरोप ठेवायच्या, आधी एकदा आणि मग उलटतपासात, आणि पाठ केलेलं तिथे टिकत नाही.

नव्या कायद्याने एक मोठा बदल केलाय. आधी प्रोसेस इश्यू होईपर्यंत, म्हणजे समन्स निघेपर्यंत, आरोपीला बोलायचा हक्कच नव्हता, तो मागे बसून ऐकू शकत होता एवढंच, हे सुप्रीम कोर्टाने १९६३ सालीच सांगितलं होतं. आता कॉग्निझन्स घ्यायच्या, म्हणजे कोर्टाने गुन्ह्याची दखल घ्यायच्या, आधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. मग आधी नोटीस की आधी व्हेरिफिकेशन, हा घोळ झाला, कर्नाटक आणि केरळ हायकोर्टांनी सांगितलं की आधी जबाब, मग नोटीस. चेक बाउन्सच्या केसेसना ही आधीची नोटीस लागत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सांगितलं, ते बरं झालं, नाहीतर कोर्टं तुंबली असती. उगाच कुणाला कोर्टात ओढलं जाऊ नये हे मला मान्य आहे, पण सत्तरीच्या माणसाला यात अजून चार तारखा वाढतात आणि साक्षीदारांवर दबाव आणायला समोरच्याला वेळ मिळतो, याची काळजी वाटते.

आणि हो, प्रोसेस इश्यू झाली की प्रोसेस फी वेळेत भरा. ती भरली नाही म्हणून फिर्याद निकाली निघू शकते, आणि किरकोळ समन्स केसमध्ये फिर्यादी तारखेला गैरहजर राहिला तर आरोपी सरळ निर्दोष सुटू शकतो.

काकांच्या केसमध्ये आरोपींना नोटीस निघालीय. दरम्यान काका सोसायटीत जाऊन जुन्या पीककर्जाच्या कर्जरोख्याची सर्टिफाइड कॉपी मागून आले. काल संध्याकाळी घरी आणून दाखवली, खाली त्यांची सही, बिनरेघेची.