वाऱ्याच्या झेंड्याची निवड

आज सकाळी बालेवाडीला ५० मीटरच्या रेंजवर बेंचरेस्टच्या, म्हणजे रायफल टेबलावरच्या टेकूवर ठेवून करायच्या नेमबाजीच्या, सरावासाठी दोन प्रकारचे वाऱ्याचे झेंडे शेजारी शेजारी लावून पाहिले. साधी कापडी पट्टी दिशा सांगते, पण वारा मंदावला की ती नुसती लोंबत राहते. पंखा आणि मागे हलकी फीत असलेला झेंडा मात्र झुळकीचा जोरही दाखवतो, कारण वारा वाढेल तशी फीत आडवी होत जाते. पॉइंट टू टू (.२२ इंची) रायफलची जेमतेम २.६ ग्रॅमची गोळी एवढ्याशा झुळकीनेही सरकते, आणि नळीजवळचा वारा तिला सुरुवातीलाच वळवत असल्याने तोच अधिक नडतो. मी फीतवालाच निवडला, तोही नारिंगी, कारण हिरव्या गवतावर तो डोळ्याच्या कोपऱ्यातूनही दिसतो. पहिला झेंडा १० मीटरवरच लावणार आहे.