बंद डब्याच्या जड ट्रेलरला टायर आणि चाकं निवडताना

ट्रेलरची पाचही चाकं बदलून झाली, खालची चार आणि एक स्टेपनी, टायर पण नवे आणि रिम पण नव्या. जुन्या टायरची नक्षी अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक होती, बघणारा प्रत्येक जण म्हणत होता अरे चांगले आहेत की, कशाला काढतोस. ट्रेलरच्या बाबतीत नेमकं हेच फसवं असतं म्हणून सविस्तर लिहितोय. कारचा टायर झिजून गोटा होतो आणि मग आपण बदलतो, ट्रेलरचा टायर तिथपर्यंत पोचतच नाही बहुतेक वेळा. तो वजनाने, उष्णतेने आणि वयाने आतून जातो, बाहेरून छान दिसत असताना.

माझ्या एका मित्राच्या ट्रेलरचा टायर हायवेला गेला तेव्हा मी मागच्या गाडीत होतो. आधी थोडी थरथर दिसली, मग टायरची वरची सगळी पट्टी आतल्या तारांसकट सुटली आणि चाकाबरोबर गरागरा फिरत जे सापडेल ते झोडपत सुटली. मडगार्ड फाटून वर वळलं, फ्लोअरच्या खालचं प्लायवूड फुटलं, ब्रेकची वायर तुटली. गाडी बाजूला घेऊन उतरलो तर उरलेल्या टायरला हात लावता येत नव्हता इतका गरम. त्या टायरची नक्षी पण भरपूर होती हो.

बंद डब्याचा ट्रेलर आणि उघडा ट्रेलर यात टायरच्या दृष्टीने मोठा फरक आहे आणि तो कोणी फारसा सांगत नाही. उघड्या ट्रेलरवर माल चढतो, उतरतो, येताना रिकामा येतो, टायरला विश्रांती मिळते. बंद डब्यात आपण हळूहळू संसार थाटतो, कपाटं, हत्यारांचे ड्रॉवर, जनरेटर, कॉम्प्रेसर, आणि ते वजन कधीच उतरत नाही, ट्रेलर महिनाभर उभा असला तरी टायर ते सगळं वजन घेऊन एकाच जागी दबलेले असतात. वर ती कपाटं बहुतेक एकाच भिंतीला, कारण दुसऱ्या बाजूला दरवाजा. त्यामुळे एका बाजूची चाकं कायम जास्त वजन वाहतात आणि कागदावरच्या सरासरीत ते दिसत नाही.

म्हणून पहिलं काम वजनकाटा. आधी ट्रेलर नेहमी जसा भरतो तसा पूर्ण भरून, गाडीला जोडलेला ठेवून सगळी चाकं काट्यावर, मग फक्त एका बाजूची चाकं काट्यावर आणि दुसऱ्या बाजूची काट्याबाहेर सपाट जमिनीवर, मग एकेक एक्सल. काट्यावरच्या माणसाला आधी सांगून ठेवायचं म्हणजे तो वैतागत नाही.

आकड्यांत बघू. समजा भरलेला ट्रेलर ४५०० किलोचा, दोन एक्सल, चार चाकं. साधारण १२ टक्के वजन पुढच्या हुकवर म्हणजे ओढणाऱ्या गाडीवर जातं, ते झालं ५४० किलो. उरले ३९६०, भागिले चार, प्रत्येक चाकावर ९९०. पण कपाटाच्या बाजूचं चाक ११०० दाखवतं असं धरा, माझ्याकडे साधारण असाच प्रकार होता. आता अशा ट्रेलरला एसटी २२५/७५ आर १५ हा साइज अगदी कॉमन आहे, एसटी म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेला टायर. साइजमधला १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात, आणि लोड रेंज म्हणजे टायर किती वजन आणि हवा झेपतो त्याचं अक्षर, अक्षर जितकं पुढचं तितका टायर दणकट. यात लोड रेंज डी घेतला तर एका टायरची कमाल क्षमता ११५० किलो, म्हणजे त्या जड चाकाला फक्त ५० किलोची मोकळीक, एक खड्डा बसला की संपली. लोड रेंज ई घेतला तर १२८५. बरं आहे पण पुरेसं नाही असं माझं मत. मी १६ इंचाकडे गेलो, एसटी २३५/८० आर १६ लोड रेंज ई, साधारण १५५० किलो. ११०० चं ओझं १५५० च्या टायरवर म्हणजे ७१ टक्के, आणि टायर टिकतो तो या उरलेल्या २९ टक्क्यांमुळे. कोणती कंपनी, कोणती नक्षी हे सगळं त्यानंतर येतं. सगळ्यात जड चाकावर निदान २० टक्के तरी मोकळे राहिले पाहिजेत, त्याखाली मी जाणार नाही.

आणि हे आकडे हवेशी बांधलेले असतात हे विसरायचं नाही. तोच २२५/७५ आर १५ चा लोड रेंज ई टायर ६५ पीएसआयला ११५० किलो उचलतो, ८० ला १२८५, आणि ५० पीएसआय ठेवलात तर फक्त ९७५. डब्यातल्या सामानाला हादरे कमी बसावेत म्हणून हवा कमी ठेवणारे खूप लोक बघितलेत, त्यांचा हेतू चांगला असतो पण टायरची भिंत जास्त वाकते, वाकली की गरम होते, गरम झाली की आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात. ट्रेलरच्या टायरला भिंतीवर लिहिलेली कमाल हवा भरायची, तीही टायर थंड असताना, सकाळी निघायच्या आधी. तापल्यावर आकडा वर गेलेला दिसतो तेव्हा घाबरून हवा सोडायची नाही.

एक गोष्ट कळल्यावर माझा एसटी टायरकडे बघायचा दृष्टिकोनच बदलला. २३५/८५ आर १६ लोड रेंज ई हा साइज हलक्या ट्रकच्या म्हणजे एलटी प्रकारात घेतला तर क्षमता १३८० किलो लिहिलेली असते आणि एसटी प्रकारात १६५०. साइज तोच, हवा तीच ८० पीएसआय, मग हे वरचे २७० किलो आले कुठून? एसटीची भिंत जास्त ताठ असते हे खरं आहे, पण मुख्य कारण म्हणजे एसटीचा आकडा मुळात ताशी १०५ किलोमीटरपर्यंतचा वेग गृहीत धरून काढलेला आहे. म्हणजे वेग कमी ठेवायच्या बदल्यात जास्त वजनाची परवानगी. आता नवीन एसटी टायरवर एल म्हणजे १२०, एम म्हणजे १३० असं वेगाचं अक्षर येतं आणि ते असलेलाच टायर घ्यावा, पण मी तरी त्या अक्षराकडे जास्तीची सुरक्षा म्हणून बघतो, तेवढं पळवायची मुभा म्हणून नाही, भरलेला डबा १०० च्या आतच बरा.

मग एलटीच का नाही घ्यायचा असं विचाराल तर घ्या, वजनाचं गणित बसत असेल तर काही हरकत नाही, बरेच जण जड ट्रेलरला तेच लावतात. कारचा साधा टायर मात्र नको. तो ट्रेलरला लावायचा झाला तर त्याची लिहिलेली क्षमता १.१ ने भागायची असते, म्हणजे ९०० लिहिलेलं असेल तर ८१८ धरायचे, आणि त्याची भिंत मऊ असल्यामुळे उंच डबा वाऱ्याच्या झोताने डोलायला लागतो ते वेगळंच.

भिंत ताठ का हवी हे बघायचं असेल तर दोन एक्सलचा ट्रेलर कोणीतरी रिव्हर्समध्ये अगदी काटकोनात वळवत असताना बाजूला, जरा लांब, उभे राहा आणि फक्त टायरकडे बघा. पुढच्या एक्सलचे टायर एका बाजूला ओढले जातात, मागचे बरोबर उलट, चाकं वळत नाहीत नुसती घासतात, टायरचा खालचा भाग जमिनीला चिकटलेला आणि रिम त्याच्यावरून बाजूला सरकल्यासारखी दिसते, भिंतीला मोठी घडी पडते, आणि मग एकदम कर्र करून टायर सुटून जागेवर येतो. प्रत्येक वेळी तारांच्या थरावर हा पीळ बसतो. शक्य असेल तिथे मोठा वळसा घ्या, पुढे मागे दोनदा करा, टायरचं आयुष्य खरंच वाढतं.

कंपनीबद्दल थोडंच सांगतो. गुडइयरचा एन्ड्युरन्स २०१७ मध्ये आला आणि त्याच्याबद्दल लोक बऱ्यापैकी समाधानी आहेत, मीही तोच घेतला. फारच जड ट्रेलर असेल तर सैलुनचा एस ६३७ सारखे आतून पूर्ण स्टीलचे, लोड रेंज जी वाले टायर आहेत, ते ११० पीएसआयवर चालतात आणि क्षमता प्रचंड असते, पण मग रिम पण ११० पीएसआय झेपणारी लागते आणि इथेच बहुतेक लोक अडकतात, टायर भारी घेतात आणि रिम जुनीच.

रिमच्या आतल्या बाजूला तिची क्षमता ठोकलेली असते, कधी कधी कमाल हवेचा आकडा पण. गंज आणि ग्रीस पुसून, टॉर्च मारून वाचावं लागतं पण वाचाच. टायर १५५० चा आणि रिम १४५० ची असेल तर तुमची क्षमता १४५० झाली, आणि एक्सल, हब, स्टड म्हणजे चाक धरणारे बोल्ट त्याहून कमी असतील तर ती त्यांच्याएवढी. भारी टायर लावल्याने ट्रेलरची माल घ्यायची क्षमता वाढत नाही हेही इथेच सांगून ठेवतो.

त्याहून दुर्लक्षित वस्तू म्हणजे वॉल्व्ह. रबराचा साधा दाबून बसवायचा वॉल्व्ह बहुतेक करून ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो, आणि ८० पीएसआयच्या टायरला दुकानात सवयीने तोच बसवून देतात. धातूचा, नटने आवळायचा वॉल्व्ह मागून घ्या. टायरमधली हवा दाखवणारे सेन्सर लावणार असाल तर तो लागतोच, कारण सेन्सरच्या वजनाने रबरी वॉल्व्ह हलत राहतो आणि बुडाशी चिरतो. सेन्सर लावाच असं मी म्हणेन, गाडी चालवताना मागच्या टायरची हवा गेलेली कळतच नाही, दोन एक्सल असले की शेजारचा टायर गुपचूप दुप्पट वजन घेऊन चालत राहतो आणि मग तोही जातो.

स्टील की अलॉय यावर फार वेळ घालवू नका. अलॉय हलकी, दिसायला छान, गंजत नाही. स्टील खड्ड्यात वाकते पण बहुतेक वेळा चालत राहते, अलॉयला तडा जातो. मी स्टील घेतली. बोल्टच्या वर्तुळाचं माप मात्र बरोबर जुळलं पाहिजे, या वजनाच्या एक्सलला बहुतेक सहा स्टड १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळात असतात, त्याच्या वरच्या जड एक्सलला आठ स्टड १६५.१ वर. ऑफसेट, म्हणजे रिम हबला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते माप, ट्रेलरला साधारण शून्य असतो, कारची रिम आणून बसवली तर वजन बेअरिंगवर चुकीच्या ठिकाणी येतं.

साइज वाढवताना मोजमाप करायला लागलं ते लिहितो कारण हे कोणी आधी सांगत नाही. २२५/७५ आर १५ चा व्यास ७१८ मिलिमीटरच्या आसपास आणि २३५/८० आर १६ चा ७८२. म्हणजे ६४ चा फरक, ट्रेलर ३२ मिलिमीटर उचलला जातो. मडगार्डखाली जागा ट्रेलर भरलेला असताना मोजायची, आणि नुसती उभ्या ट्रेलरला नाही, पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या पूर्ण दबल्यावर चाक किती वर येईल ते धरून. दोन टायरमधलं अंतर पण बघायचं, एक्सलमध्ये ८३८ मिलिमीटर असतील तर मध्ये ५६ उरतात, पुरतात पण दगड अडकायला नको. शिवाय ट्रेलर वर गेला की हुक पण त्या प्रमाणात वर घ्यायला लागतो, नाहीतर पुढून खाली झुकलेला ट्रेलर पुढच्या एक्सलवर जास्त वजन टाकतो. पाट्यांच्या ट्रेलरमध्ये दोन एक्सलच्या पाट्यांना जोडणारा मधला झुलता जोड (इक्वलायझर) काही प्रमाणात वजन वाटून देतो, रबरी टॉर्शन एक्सल असेल तर तो वाटून देत नाही, तिथे ट्रेलर सपाटच उभा राहायला हवा.

नट आवळणं. ट्रेलरच्या बऱ्याच रिम मधल्या भोकावर नाही तर नटांच्या निमुळत्या तोंडावर सेंटर होतात, म्हणून चाक हवेत असतानाच समोरासमोरचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. अर्ध्या इंची स्टडला १२० ते १६० न्यूटन मीटर, टॉर्क पान्यानेच, एअर गनने धडाधड नाही. नवीन स्टील रिमच्या भोकांवर रंग असतो, तो दबला की नट सैल पडतात, त्यामुळे १५, ४० आणि ८० किलोमीटरला थांबून परत आवळायचे. मी ८० ला तपासलं तेव्हाही एक नट थोडा फिरला.

टायर घेताना बनवल्याची तारीख बघा, भिंतीवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात दोन वर्षं पडून असलेला टायर नवीन म्हणून घेऊ नका. पाच वर्षं झाली की मी बदलतो, नक्षी कितीही असो. मधल्या काळात दर लांबच्या प्रवासाआधी तळहात टायरवरून पूर्ण फिरवायचा, आत थर सुटायला लागला असेल तर डोळ्याला दिसायच्या आधी हाताला उंचवटा लागतो. उभा असताना ऊन लागू देऊ नका, झाकणं मिळतात.

आणि स्टेपनी त्याच साइजची, त्याच लोड रेंजची, त्याच हवेची. ती मागच्या दाराला बाहेर टांगलेली असते, उन्हात सगळ्यात जास्त तीच तापते आणि तिची हवा कोणी बघत नाही, त्यामुळे तिलाही सेन्सर लावलाय.